शामाचा वाडगा

शेजारणीचे भांडे रकियाने कधी रिकामे परत केले नाही. तिच्या लेकीने, तामूनेही, केले नाही. तामूची लेक घीता हिने तर दुष्काळाच्या सालीही मूठभर खारवलेली ऑलिव्ह का होईना, पण घातलीच. आणि घीताची लेक यामना हिच्या फडताळात मात्र शेजारच्या शामाचा निळा वाडगा दोन रमजान उलटले तरी पालथा पडून होता.

तो आला होता यामनाचा नवरा गेला त्या दिवशी. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. तेव्हा शामाने तो भरून आणला, आणि पहिला घास यामनाच्या तोंडात तिनेच घातला. त्यानंतर यामनाची चूल पेटली ती चहापुरती. मुलगे फ्रान्समध्ये; रांधायचे कोणासाठी? वाडग्याचे ती दर शुक्रवारी पुढच्या शुक्रवारावर ढकली. शामा वाट पाहून फुरंगटली. गल्लीत यामनाचे दार वाजवणारी तेवढी एकच होती. तिनेही येणे सोडले.

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी सामानाची गाडी येऊन उभी राहिली. शुक्रवारचा नमाज झाला की शामा अगादीरला मुलाकडे निघणार होती. कायमची.

यामनाने वाडगा उतरवून पुसला आणि कोठी उघडली. रवा होता. एक भोपळा, चार कांदे, डब्याच्या तळाशी चिकटलेले बेदाणे, दालचिनी. शुक्रवारच्या कुसकुसात, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या जेवणात, सात भाज्या हव्यात, हा घीताचा कायदा होता. पण भाजीवाल्याची फळी आज, जुम्म्याच्या दिवशी, उघडणार नव्हती.

"आता तूच काय ते बघ," यामना भोपळ्याला म्हणाली.

परातीतल्या रव्यावर तिने पाण्याचा शिपका दिला, आणि तळहात आपोआप गोल फिरू लागला. हात काही विसरला नव्हता. उलट, नको ते त्याने लक्षात ठेवले होते: रवा भरल्या घराला पुरेल इतका पडला होता. ती थबकली. पण ओला झालेला रवा पुन्हा कोठीत जात नाही. तिने सगळाच वळला.

खाली भोपळा रटरटू लागला. वरच्या भोकांच्या भांड्यात रवा. जोडातून वाफ निसटू नये म्हणून तिने पिठात बुडवलेली चिंधी भोवती गुंडाळली. पहिली वाफ आली तेव्हा नवऱ्याची हाक आठवली, दर शुक्रवारची: "झालं का गं?" दुसऱ्या वाफेला आठवले, की या हाकेला आपण कधी ओ दिली नाही. नुसती झाकणे आपटली.

मग तिने परतलेले कांदा-बेदाणे चाखले. गुळमट. काहीतरी हवे होते, आणि ते कोठीत नव्हते. ती अंगणात गेली, झाडाचे एक नारिंग तोडले, त्याची साल अगदी पातळ काढली, बारीक चिरली आणि कढईत टाकली. 'कुसकुसात साल घालतेस?' घीता कडाडली असती. यामनाने पुन्हा चाखले. आणखी थोडी घातली. स्वयंपाकघरात कितीतरी दिवसांनी कोणी हसले.

शामाचे घर धुऊन रिकामे केलेले होते. ती गुंडाळलेल्या गालिच्यावर बसली होती.

"आलीस का बाईसाहेब, लल्ला यामना? मला वाटलं, वाडगा आता माझ्या मयतालाच येतो."

"तोंड बंद कर आणि जेव."

शामाने झाकण उचलले. "सात भाज्या कुठायत?"

"एकच आहे."

"भोपळा! तुझ्या आईनं पाठीत पळी घातली असती."

"घातली असती. मग चाटूनपुसून खाल्लं असतं. घे."

शामाने गोळा वळून तोंडात टाकला. चावणे मध्येच थांबले. "हे कडसर काय गं? कुठं शिकलीस?"

"कुठंच नाही. घरात दुसरं काही नव्हतं."

शामा मान खाली घालून खात राहिली. मग म्हणाली, "काल दुपारीच शेगडी सामानात बांधली. तेव्हापासून नुसत्या पाण्यावर आहे. पण तुझ्या दारी मागायला येणार नव्हते मी."

"चूल नसलेल्या घरी काय न्यायचं असतं, ते तूच शिकवलंस ना मला."

एका भांड्यात जेवताना ज्याने त्याने आपल्या बाजूचेच खावे, ही रीत. शामाची बाजू संपली. यामनाने एकही घास घेतला नव्हता. तिने वाडगा गरकन फिरवून आपली बाजू शामापुढे आणली.

"अगं, ती तुझी."

"आज सगळ्या बाजू तुझ्या."

शामाने शेवटचा कणही बोटाने टिपला. वाडग्याच्या तळाशी रंगवलेले पांढरे फूल दिसू लागले. गाडीवाल्याने भोंगा वाजवला. तिने वाडगा शालीत गुंडाळून काखेत धरला. निघणाऱ्याने म्हणायचे ते म्हणाली, "माझ्याकडे तुझं काही राहिलं असेल तर माफ कर."

"काही राहिलं नाही," यामना म्हणाली. "माझ्याकडेही नाही ना?"

"नाही गं. काही नाही."

गाडी गेली. गल्ली झाडल्यासारखी मोकळी झाली. घरी परातीत भरल्या घराचा कुसकुस अजून गरम होता. यामना बसली, बिस्मिल्ला म्हणाली, आणि आपल्या बाजूचे तेवढे जेवली. पलीकडे हात लावला नाही.