तसबिरीबरहुकूम

सासूबाईंनी तसबीर खिडकीपाशी टेकवली आणि नव्या सुनेला तिच्याशेजारी उभं केलं. "मान जरा वर," त्या म्हणाल्या.

धाकटीनं मान वर केली. तसबीर तिच्या थोरल्या बहिणीची होती.

देवीच्या साथीत ताईच्या गालांची पार चाळण झाली होती. धाकटी तेव्हा मामाकडे होती, म्हणून वाचली. चित्रकार मोठा बेरकी. त्यानं ताईचे गाल लोण्यासारखे नितळ केले, गळ्यात घरात कधीच नसलेले मोती घातले आणि हातात जाडजूड पुस्तक दिलं. मोती म्हणजे घराणं, पुस्तक म्हणजे अक्कल, असा त्याचा ठोकताळा. तसबीर पाहून या बड्या घरानं मागणी घातली, तेव्हा बाबांचं धाबं दणाणलं. बहिणी दिसायला सारख्या. लग्न नवरामुलगा न येता नुसत्या कागदावरच झालं; त्यावर ताईच्या नावानं सही करून धाकटीच गाडीत बसली, चेहरा तसबिरीशी जुळावा म्हणून त्यावर पांढऱ्या भुकटीचा जाड थर देऊन. पकडली गेलीस तर मी तुरुंगात जाईन, एवढंच बाबा बोलले होते.

सासूबाईंचं बोट मोत्यांवरून, पुस्तकावरून फिरलं आणि चित्रातल्या गालावर थांबलं.

"या चित्रातली मुलगी तू नाहीस."

धाकटी दाराकडे सरकली.

"घाबरू नकोस. चित्रकारानं मला सगळं कळवलंय. आमच्या गावात साथ शिरली तेव्हा मीच त्याला विचारलं होतं, तुझ्या पाहण्यात देवी येऊन गेलेली मुलगी आहे का. व्रण बाकी छान झाकलेस हो."

त्यांनी तिला हाताला धरून जिना चढवला. नोकर खालीच थांबले. वर एका बंद दाराआड कुणीतरी कण्हत होतं, औषधाचा उग्र वास येत होता. सासूबाईंनी कुलूप काढलं.

"चार दिवसांपूर्वी तुझ्या नवऱ्याच्या अंगावर फोड उठले. आम्ही कुणी आत जाऊ शकत नाही. तुला देवी एकदा येऊन गेल्या, आता पुन्हा यायच्या नाहीत. माझ्या लेकाला वाचव, बाळ."

धाकटीनं बोलायला तोंड उघडलं. मग बाबांचे शब्द आठवून तिनं ते मिटलं आणि ती आत गेली.