सांतेचा कंदील कोणता?

नाझारेनोनं टोपी मागे सारली आणि मान वर करून दोन्ही कंदील पाहिले. चॅपेलच्या दाराच्या दोन अंगांना ते टांगले होते. अख्खी गल्ली त्याच्या मागे गोळा झाली होती.

"घाई नाही मेस्त्री," बेकरीवाली फेदोरा म्हणाली. "मिरवणूक निघायला तास आहे अजून."

"तास कशाला? माझ्या दोन डोळ्यांना मिनिट पुरे."

त्याची मुलगी देलिया गर्दीत पुढेच उभी होती. बापाचं हे वाक्य तिनं याआधी दोनदा ऐकलं होतं. एकदा फाटकाच्या बिजागरीपाशी, एकदा मशालीच्या कडीपाशी. दोन्ही वेळा त्यानं मिनिटाच्या आत तिचं काम ओळखलं होतं.

त्यांच्या लोहारघराण्याचा रिवाजच तसा होता. खापरपणजोबा सांतेच्या कामाशेजारी आपलं काम ठेवायचं. मेस्त्रीला जुनं कोणतं, नवं कोणतं हे सांगता आलं नाही, तरच घराण्याचा ठसा हातात पडायचा. तोवर कितीही घाम गाळा, लोखंडावर खूण उठणार ती मेस्त्रीची. देलिया एकोणचाळीस वर्षांची होती. वीस वर्षं भट्टीपुढे उभी होती आणि तिनं घडवलेल्या एकाही वस्तूवर ती तिची असल्याची खूण नव्हती.

आणि सांते म्हणजे तर नाझारेनोचा देव. जेवताना हातातला काटा जरा वाकडा दिसला, तरी तो म्हणायचा, "सांतेनं हा परत भट्टीत टाकला असता."

सांतेच्या या कंदिलांच्या जोडीतला एक वसंतात गेला. वाईनची पिंपं घेऊन आलेल्या ट्रकनं मागे येताना त्याचा पार चेंदामेंदा केला. उरलेला खाली उतरवून देलियानं त्यावरच्या लोखंडी वेलाचं पान न् पान मापलं आणि तसाच दुसरा घडवला. तापवून, ठोकून, लोखंडी पट्ट्यांनी बांधून. वेल्डिंगचा एक ठिपका नाही. मग दोघांनाही जवसाचं तेल आणि मेण चोळून एकाच आचेवर काळं केलं. या दोन महिन्यांत नाझारेनो भट्टीकडे फिरकला नव्हता, रिवाजच होता तो. अंगणात बसून शेंगा सोलत होता आणि हातोड्याचा आवाज ऐकत होता. आज सकाळी कोणता कंदील कोणत्या अंगाला लावायचा, हे चॅपेलच्या म्हाताऱ्या सेवकानं काड्या काढून ठरवलं होतं.

नाझारेनो डाव्या कंदिलाखाली थांबला. मग उजव्याखाली. परत डाव्याखाली आला. देलिया त्याच्या पाठीकडे बघत राहिली. गेल्या हिवाळ्यापासून ती पाठ बरीच वाकली होती.

शेवटी त्यानं काठी उचलून उजवा कंदील दाखवला.

"हा हिचा."



"पानं बघा," नाझारेनो म्हणाला, "कोबीची वाटतात. आणि हा वेल? वेलाला पीळ द्यायचा असतो, हिनं धुणं पिळलंय. आत वातीच्या वाटीखालचं रिव्हेट तर चक्क तिरकं बसलंय. सांतेनं असलं काम कुत्र्याच्या पट्ट्यावरसुद्धा केलं नसतं."

म्हातारा सेवक खाकरला. "मेस्त्री, तो सांतेचाच आहे."

गल्ली खदखदून हसली. फेदोरानं तर एप्रनला डोळे पुसले. "दोनशे वर्षांत सांतेला कुणी इतकं धुतलं नसेल," ती म्हणाली.

"मोतीबिंदू आहे मला," नाझारेनो गुरगुरला. "डॉक्टर कधीचा सांगत होता." त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला ठसा काढला आणि देलियाच्या हातात कोंबला. "धर. हरवू नकोस."

"बाबा..."

"रडू नकोस त्याच्यावर. गंजेल."

देलिया रडत रडतच हसली. ठसा मुठीत मावेल एवढाच होता आणि बापाच्या अंगाच्या उबेनं अजून कोमट होता. इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

फेदोरा अजून उजव्या कंदिलाखाली मान उंचावून उभी होती. "मेस्त्री, ते तिरकं रिव्हेट कुठंय हो? मला तर नाही बाई दिसत."

"चष्मा बदल," नाझारेनो म्हणाला आणि काठी टेकत, जरा घाईनंच, भाजलेल्या डुकराच्या गाडीकडे निघून गेला. पाठ फिरवूनच त्यानं पावाचा तुकडा मागितला.

देलियानं वर पाहिलं नाही. तिला गरज नव्हती. मापं घेताना ते रिव्हेट तिला भेटलं होतं. खालून तर सोडाच, शिडीवर चढूनही ते दिसत नसे. वाटीखाली मनगटापर्यंत हात घातला, तरच बोटाला लागायचं. आणि दर सणाच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून त्या कंदिलात हात घालणारा, तो आतून पुसून काढणारा माणूस पन्नास वर्षं एकच होता, तिचा बाप.