बडतर्फी रद्द

रक्तात अमली द्रव्य सापडलं म्हणून लष्करातून काढलेले हवालदार रंगराव सावेकर सहा वर्षांनी फेरविचार मंडळापुढे उभे होते.

"साहेब, मी कधीच नशा केली नाही."

"ठाऊक आहे," कर्नल शांतपणे म्हणाले. "तुमच्या खांद्यात आम्हीच बसवलेल्या कुपीतून ते औषध सुटत होतं. भीती, काळजी मारणारं. बडतर्फी रद्द."

रंगरावांचे डोळे भरून आले. आता गावात मान वर करून चालता येणार होतं.

"म्हणजे तुम्ही पुन्हा सेवेत. उद्याच सीमेवर निघायचं."

घरी बायको शेवंता अंथरुणाला खिळलेली होती. नकार द्यायला रंगरावांनी तोंड उघडलं, तोच कर्नलनी टेबलावरचं बटण दाबलं. खांद्यात ऊब पसरली.

"घरी कोणी आहे?" कर्नलनी विचारलं.

"बायको आहे," रंगराव हसत म्हणाले. "तिचं काही नाही, साहेब."