श्वास रोखून धर

मितालीच्या आतड्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं. कुठून किती कापायचं, ते एमआरआय पाहून ठरणार होतं. मी दाराबाहेर बसलो होतो. आतून मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज येत होता, "साँस रोकिए." मग थोड्या वेळानं, "साँस छोड़िए."

चाळीस मिनिटांनी डॉक्टर खुशीत बाहेर आले. "विष्णुजी, इतनी साफ़ तस्वीरें मैंने पहली बार देखीं. साँस से थोड़ा तो हिलता ही है. आपकी बेटी ज़रा भी नहीं हिली." दोनच ठिकाणी आतडं आवळलंय, तेवढंच कापू, म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

मिताली बाकावर येऊन बसली. "बाबा, मशीन मराठी बोलून राहिली होती. अपने घर जैसी."

भिलाईत घराबाहेर आमच्याशी कोणी मराठी बोलत नाही.

"काय म्हणे?"

"श्वास रोखून धर, म्हणे. मी धरला."

"अन् सोड कधी म्हणाली?"

तिनं मान हलवली.

"अजून नाही म्हणाली, बाबा."

मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं.