बोट नेमकं कशावर

बटणं दाबल्याचा आकडा पुन्हा शून्यच आला.

चांदनीने लॅपटॉप जवळ ओढला. वडिलांच्या, फुलचंदशेठच्या, ठिबक सिंचनाच्या दुकानासाठी तिने केलेल्या पडद्यावर बत्तीस बटणं होती. प्रत्येकात वर चित्र, खाली नाव. गिऱ्हाइकाने पाइपाचा एल्बो मागितला की फुलचंदशेठ गल्ल्यावर एल्बोचं बटण दाबत आणि मागे गोदामात चिठ्ठी निघे. चिठ्ठ्या तर आठवडाभर निघत होत्या. मग बटण एकदाही दाबलं गेलं नाही, असं कसं?

चूक तिचीच होती. बोट टेकतं ते बटणावर नाही, बटणात बसवलेल्या चित्रावर किंवा नावावर. प्रोग्रॅम इमानाने तेच नोंदवत होता आणि ती बटणच शोधत बसली होती. तिने मोजणी बदलली.

चित्रं : सहाशे बारा. नावं : शून्य.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नावं तिची होती. चित्रं यामिनीची.

यामिनी चार महिन्यांपूर्वी कामाला लागली, तेव्हा मागच्या खोलीत माल मोजायची. एकदा पप्पांनी तिच्याकडून बटणांसाठी चित्रं काढून घेतली. मग ती मोठी करून घेतली. मग तिचं स्टूल गल्ल्याशेजारी आलं आणि चांदनी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेली. इतकी वर्षं स्वतः वाचलेला सकाळचा पेपरसुद्धा पप्पा आता यामिनीकडून वाचून घेत. "तुन्हा आवाज गोड शे," म्हणत. बीएस्सीला पहिली आलेल्या मुलीचा आवाज वीस वर्षांत त्यांना कधी गोड लागला नव्हता.

सहाशे बारा वेळा बोट उचललं आणि एकदाही चुकून माझ्या अक्षरावर पडलं नाही? हे चुकून होत नाही. हे ठरवून होतं. आज ती हा आकडा पप्पांपुढे ठेवणार होती आणि विचारणार होती, गल्ल्यावर यामिनी बसेल की मी?

यामिनी आज मावसबहिणीच्या हळदीला गेली होती. स्टूल रिकामं होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. "शेठ, वीस ग्रोमेट द्या बरं," भाईदासचा आवाज आला. "वावरमा मोटर चालू सोडी उनू, घाई शे."

ग्रोमेट, म्हणजे पाइपाच्या भोकात बसवायची रबरी चकती, हा कालच आलेला माल. त्याचं चित्र व्हायचं होतं. बटणात नुसतं नाव होतं.

चांदनीच्या लॅपटॉपवर ओळी उमटू लागल्या. एल्बोचं चित्र. रद्द. व्हॉल्व्हचं चित्र. रद्द. पुन्हा एल्बो. रद्द.

"काय शेठ," भाईदास हसला, "यामिनी नही ते दुकान बंद शे का आज?"

"तिन्हा बिगर मन्हा हातच चालत नही, भो," फुलचंदशेठही हसले.

चांदनी ताडकन उठली. गल्ल्याशी येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, ही घरची शिकवण त्या क्षणी तिला आठवली नाही.

"पप्पा, तिने चित्र काढलं नाही म्हणून मी लिहिलेलं वाचायचंसुद्धा नाही का? एवढं मोठं नाव आहे समोर!"

फुलचंदशेठचं हसू मावळलं. त्यांनी भाईदासकडे पाहिलं. तो मोटारसायकलकडे वळला होता. त्यांचं बोट पडद्यावर टेकलेलं होतं, नेमकं ‘ग्रोमेट’ या अक्षरांवर. मान इतकी खाली घातली की नाक काचेला लागेल. मग तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"कोठे शे, बेटा?"