अंदाजाने आठ

बायको गेल्यावर महिन्याभराने तिच्या हाताखालची इंजिनियर तिचं टेबलावरचं सामान द्यायला घरी आली. सामान ठेवलं तरी निघेना.

"काका, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे काम करणारे भाग, किती आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, किती, हे सांगणारा आमचा प्रोग्राम ताईंनी लिहिलाय. इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशीनवर आतलं खरं दिसत नाही. तिथे बाकीचे प्रोग्राम आकडा ठोकून देतात. ताईंचा मात्र लिहितो, 'थ्रेड सोळा. कोअर किती, खात्री नाही.' साहेब म्हणतात, ती ओळ काढ आणि आठ लिहून टाक. गिऱ्हाईक बिचकतं."

"मग आठ असतील का?"

"असतीलही. बहुधा एका कोअरचे दोन थ्रेड असतात. पण बघायची सोय नाही."

मी आयुष्यभर बस चालवली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझी बायको मला कळते.

"साहेबांना माझं नाव घेऊन सांग," मी म्हटलं. "दवाखान्यात मी तिला विचारलं होतं, बरी होशील ना? नवरा समोर रडत बसला होता, तरी तिनं अंदाजाने हो म्हटलं नाही. गिऱ्हाईकाला कशाला म्हणेल?"