अल्ताफचा मिक्सर

अल्ताफ चहा सांगायला खाली उतरला आणि प्रसेनजीत मिक्सरपाशी एकटाच राहिला. कॉम्प्युटरवर गाणं थांबवून ठेवलेलं होतं. गाणं त्याच्या आईचं होतं. स्टुडिओ मात्र अल्ताफचा.

हेच त्याच्या पोटात दुखत होतं. सिद्धार्थनगरातल्या घरी त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. दिवसभर कागलच्या एमआयडीसीत राबायचं आणि संध्याकाळी आतल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. आईची जयंतीची गाणी दरवर्षी तिथंच व्हायची. यंदा तिनं सरळ सांगून टाकलं, "ह्या बारीला अल्ताफकडं करायचं म्हंते. त्याच्याकडं त्यो मोठा मिक्सर हाय न्हवं."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पण म्हणून सख्ख्या आईनं शेजारच्या दुकानात जावं? आणि हा अल्ताफ कोण? शाळेतला मित्र, सदर बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा. कॉम्प्युटरवर गाणं कसं कापायचं, कसं जोडायचं, हे त्याला शिकवलं कुणी? प्रसेनजीतनं! मग या पठ्ठ्यानं गडहिंग्लजच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून हा जुना मिक्सर उचलला. जेवणाच्या टेबलाएवढं धूड ते, नुसती बटणंच बटणं. गाणं आधी कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करायचं. मग आवाज, ढोलकी, हार्मोनियम, प्रत्येकाची वेगळी वायर काढून मिक्सरात न्यायची, हातानं बटणं फिरवून मेळ घालायचा आणि तो मेळ पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. एवढा द्राविडी प्राणायाम केला की आवाजाला वजन येतं म्हणे. अख्खं कोल्हापूर त्या वजनाला भुललं होतं. लोकांचं सोडा, आईसुद्धा!

या धुडाची एक खोड प्रसेनजीतला ठाऊक होती. कॉम्प्युटरवर काही चुकलं तर मागं जाता येतं. मिक्सरला तशी सोय नसते. बटणं हलली की आधीचा मेळ गेला तो गेलाच. म्हणून अल्ताफ मेळ जमला की मोबाइलवर सगळ्या बटणांचा फोटो काढून ठेवायचा. आज तो राहिला होता. फोन हातात घेतला तेवढ्यात प्रसेनजीत आला, आणि मित्र आल्याच्या आनंदात तो विसरून गेला.

प्रसेनजीतनं हात पुढं केला.

आईच्या आवाजात काय काय बिघडलंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वय झालं होतं तिचं. वरच्या सुरात आवाज चिरकायचा, कडव्याच्या मध्येच दम लागायचा. घरी तो एकेक श्वास कापून काढायचा, घसरलेला सूर उचलून जागेवर ठेवायचा आणि वर इको पांघरायचा. अल्ताफनंही इको भरपूर घातला होता. तो प्रसेनजीतनं पार बंद केला. हार्मोनियम खाली ओढली, कोरस खाली ओढला, ढोलकी जेमतेम ठेवली. आईचा आवाज तेवढा एकटा वर. ऐकू दे तिला स्वतःची खरखर. मग कानांवर हात ठेवून तीच म्हणेल, चल बाबा घरी, आपलाच स्टुडिओ बरा.

जिन्यात पावलं वाजली. अल्ताफबरोबर आईच वर आली, विहारातून थेट.

"तू बी आलायस व्हय?" तिनं प्रसेनजीतला विचारलं आणि खुर्चीत टेकली. "लाव बघू, अल्ताफ."

अल्ताफनं कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि गाणं सोडलं. पहिली ओळ आली मात्र, त्याचा हात दचकून मिक्सरकडं गेला.

"हात लावू नगंस!" आई ओरडली.

गाणं चालू राहिलं. तिचा श्वास ऐकू येत होता. वरच्या सुराला आवाज चिरकला तोही ऐकू आला. आई मान खाली घालून ऐकत होती. प्रसेनजीत तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होता. गाणं संपलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले.

"लई वर्सांनी माझा आवाज ऐकला बग, अल्ताफ," ती म्हणाली. "ह्येच्या मशीनीतनं दर साली कुनी दुसरीच बाई गायाची. चांगली गायाची, पर ती मी न्हवं. म्हनून तर तुझ्याकडं आले. जमलं बाबा तुला."

प्रसेनजीतच्या अंगाची लाही लाही झाली. जन्मात एकदा आईला मनासारखं गाणं मिळालं, तेही त्याच्या हातचं, आणि शाबासकी अल्ताफला! हे माझं आहे, असं ओरडावंसं त्याला वाटलं. पण कोणत्या तोंडानं ओरडणार? बटणं का फिरवलीस, असं कुणी विचारलं तर?

अल्ताफ बटणांकडं बघत होता. मग त्यानं मित्राकडं बघितलं. कुणी केलं आणि कशासाठी केलं, सगळं त्याला कळलं होतं.

"मावशी, ह्ये मी न्हाई केलं," तो म्हणाला. "मी चा सांगाय खाली गेलतो, तवा ह्यानं केलंय."

प्रसेनजीतनं मान खाली घातली. आई उठून त्याच्याजवळ आली. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एवढं येतंय तुला," ती म्हणाली, "मग घरात कदीच का न्हाई केलंस रं?"